मोडीचा डबा : खऱ्याखोट्या दागिन्यांची परीक्षा

मराठी भाषा सोनाराच्या दुकानाची फार ऋणी आहे. माणसाचा कस लागतो, प्रसंग कसोटीचा येतो, एकाचें वागणें हिणकस ठरतें आणि दुसऱ्याचें मन बावनकशी निघतें. हे सारे शब्द सोनाराच्या काळ्या दगडावरून आपल्या बोलण्यांत आले. आपण ते रोज वापरतों. परंतु तो दगड किती जणांनीं हातांत घेऊन पाहिला असेल? आमच्या शाळेच्या विज्ञानमंडळानें गेल्या वर्षीं हा प्रश्न स्वतःस विचारला, आणि त्याचें उत्तर शोधण्यासाठीं जी सामग्री आणली ती कोणत्याहि प्रयोगशाळेच्या यादींत सांपडावयाची नाहीं. जुन्या बाजारांतून उक्त्या भावानें घेतलेली मोडक्या दागिन्यांची एक थैली, हीच ती सामग्री.

मोड हा शब्द पालकांस परिचित असेलच. जुना, तुटका किंवा नकोसा झालेला दागिना सोनारास द्यावयाचा आणि त्याच्या मोलांत नवा घडवून घ्यावयाचा, ही मोड. सोनार ती तोलतो, कस पाहतो, घट धरतो आणि उरलेल्या सोन्याचा हिशेब देतो. परंतु सोनारापर्यंत पोंचतें तें घरच्या माणसांनीं ‘खरें’ म्हणून ओळखलेलें. जें ओळखलें जात नाहीं त्याची वाट निराळी. आजी वारते, वाडा पडतो, बिऱ्हाड बदलतें. त्या धांदलींत फडताळांतून एक डबा निघतो. त्यांत गिलिटाच्या बांगड्या, काळ्या पडलेल्या सांखळ्या, जोडी हरवलेल्या कुड्या, कांचेचे मणी, फिरकी नसलेलीं कर्णफुलें अशी सरमिसळ असते. तरुण मंडळी डब्यांत वरवर बोटें फिरवितात, ‘सगळें खोटें आहे’ म्हणतात, आणि डबा भंगारवाल्याच्या तागडींत पडतो. तेथून तो मुंबईच्या चोर बाजारांत नाहींतर पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारांत जातो आणि ढिगानें विकला जातो.

म्हणून हा लेख विकत घेणारांपेक्षां देऊन टाकणारांसाठीं आम्ही अधिक लिहीत आहों. आमच्या माहितींतील एका घरीं असाच एक डबा पितळेच्या दरानें गेला. महिनाभरानें गांवाहून आत्याबाई आल्या आणि त्यांनीं पहिलाच प्रश्न केला, “आईच्या पुतळ्या कोणाला दिल्यात?” पुतळ्यांची माळ तुटलेली होती, दोरा कुजला होता, आणि सुट्या पुतळ्या कोणास तरी पितळेच्या टिकल्या वाटल्या. त्या घरांतील मुलाची फी पुढें दोन वर्षें वेळेवर भरली गेली नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. ज्या परीक्षेनें ती माळ वांचली असती तिला अर्धा तास आणि पेलाभर पाणी पुरलें असतें.

मौल्यवान वस्तु भंगारांत जातेच कशी, असें कोणी विचारील. याचें उत्तर लंडनच्या एका अंगठींत आहे. १९८० नंतरच्या दशकांत लंडनच्या पश्चिम भागांत, एका रुग्णालयाच्या आवारांत भरलेल्या जुन्या वस्तूंच्या बाजारांत, एका बाईनें दहा पौंडांस एक अंगठी घेतली. तिकडे लोक आपल्या मोटारीच्या मागच्या पेटींतच माल मांडून विकतात, तशापैकीं तो बाजार होता. खडा फार मोठा, म्हणून तो कांचेचाच असणार असें तिनें गृहीत धरलें. सुमारें तीस वर्षें ती अंगठी तिच्या बोटांत राहिली; बाजारहाट करतांना आणि घरकाम करतांनाहि. पुढें एका जवाहिऱ्यानें तिला सावध केलें, आणि २०१७ च्या जून महिन्यांत सदबी या लिलावगृहानें ती ६,५६,७५० पौंडांस विकली. खडा २६.२७ कॅरटचा हिरा निघाला. एक कॅरट म्हणजे एका ग्रॅमचा पांचवा भाग. तेव्हां त्या हिऱ्याचें वजन सव्वापांच ग्रॅम भरतें.

यांतील शिकण्याजोगी गोष्ट किंमत नव्हे. इतक्या वर्षांत इतक्या डोळ्यांनीं तो हिरा पाहिला आणि कोणासहि ओळखतां आला नाहीं, तें कां? तर तो एकोणिसाव्या शतकांतील पद्धतीनें पैलू पाडलेला होता. त्या काळचे कारागीर खड्याचें वजन राखण्याकडे अधिक लक्ष देत; खडा खोल आणि जाड ठेवीत. आजच्या गणिती पैलूंमधून प्रकाश जसा उसळून डोळ्यांत येतो तसा त्यांतून येत नाहीं. शिवाय त्याचें कोंदण मळलेलें होतें. लोकांस वाटलें, चमकत नाहीं त्या अर्थीं खोटें. वास्तविक जुन्या बाजारांत गोष्ट बहुधा उलट असते: जें लांबून डोळे दिपवितें तें बहुतेक कालपरवां मुलामा दिलेलें, आणि खरें तें काळवंडून कोपऱ्यांत पडलेलें.

अमेरिकेंतील एका भंगारवाल्याची हकीकत याहून नवलाची आहे. वितळवून विकण्यासाठीं त्यानें बाजारांतून एक छोटें सोन्याचें अंडें घेतलें. आंत एक घड्याळ होतें. वितळवून नफा सुटेल असा भाव त्यास कोणी देईना, एवढ्याच कारणानें तें मुशींतून वांचलें. रशियाच्या झारासाठीं फाबर्जेच्या कारखान्यांत १८८७ सालीं घडविलेलें, आणि पुढें बेपत्ता झालेलें तें ईस्टरचें अंडें होय, हें २०१४ सालीं जाहीर झालें. अशा कथा वाचून कोणा विद्यार्थ्यानें खाऊचे पैसे जुन्या बाजारांत ओतूं नयेत, हेंहि येथेंच सांगून टाकतों. दहांतील नऊ ढिगांत कांहींच नसतें, आणि जे विक्रेते ढीग मांडतात त्यांनीं तो आधीं एकदां चाळलेला असतो.

आपल्याकडे तर टाकाऊतून सोनें काढणें हा पिढीजात धंदाच आहे. झारेकरी सोनाराच्या दुकानांतील केर आणि भट्टीची राख धुऊन त्यांतले कण वेंचीत आले. सांगली जिल्ह्यांतील विटा, खानापूर, आटपाडी या बाजूचे गलाई कारागीर आज भारतांतील कितीतरी शहरांत बिऱ्हाडें करून राहिले आहेत. मोडीचें सोनें-चांदी वितळवून शुद्ध करणें हें त्यांचें काम. त्यांच्या हातीं असलेलें कसब एका लेखांत येणार नाहीं. त्याचा आरंभ मात्र कोणासहि करतां येईल.

आरंभ डोळ्यांनीं करावा. ढीग पांढऱ्या कापडावर पसरावा, उजेड दिवसाचा असावा, आणि दहापट मोठें दाखविणारें भिंग जवळ असावें. दागिन्याचा दर्शनी भाग आधीं पाहूं नये. जेथें घासला जातो तो भाग पाहावा. अंगठीची आंतील बाजू, बांगडीची कड, सांखळीच्या कड्या एकमेकींवर घासतात ती जागा, कुडीची दांडी, नथीची तार. मुलामा प्रथम तेथें झिजतो आणि खालचें खरें रूप उघडें पडतें: तांबूस असेल तर तांबें, फिकट पिवळें असेल तर पितळ, राखाडी असेल तर शिसें किंवा जस्ताचें मिश्रण. तांब्या-पितळेवर ओल लागून हिरवट जंगाल चढतें. चांदी काळी पडते, कारण हवेंतील गंधकाच्या संयुगांशीं तिचा संयोग होतो. आणि म्हणूनच काळी पडलेली वस्तु फेंकण्यापूर्वीं दोनदां पाहावी. चांगलें सोनें गटारांतून काढलें तरी पिवळेंच असतें.

त्यानंतर लोहचुंबक. याविषयीं लोकांत मोठा गैरसमज आहे. चुंबकाला चिकटलें नाहीं म्हणून सोनें, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. सोनें, चांदी, तांबें, पितळ, शिसें, ॲल्युमिनियम यांपैकीं एकहि धातु चुंबकाकडे ओढली जात नाहीं. चुंबक लोखंड, पोलाद आणि निकेल तेवढें वेगळें काढतो. तोहि निर्णय घाईनें करूं नये. अस्सल सोन्याच्या सांखळीच्या फांसांत पोलादाची बारीक कमान असते, आणि फांसा चिकटला म्हणून सगळी सांखळी टाकणारा माणूस शहाणा म्हणतां येणार नाहीं. बर्फाची परीक्षाहि अशीच अर्धवट. चांदीवर ठेवलेला बर्फाचा खडा भराभर वितळतो हें खरें, कारण चांदी उष्णतेची सर्वोत्तम वाहक धातु आहे. पण तांबें तिच्या अगदीं मागोमाग आहे, आणि चांदीचें पाणी दिलेलें तांबें बर्फास फसवितें. दातांनीं चावून पाहण्याची परीक्षा तर आम्ही सर्वथा वर्ज्य मानतों. सोन्याहून शिसें मऊ असतें, आणि खोट्या दागिन्यांत शिसें पुष्कळदां सांपडतें. तें विषारी आहे. ढीग चाळून झाल्यावर साबणानें हात धुतल्यावांचून खाऊस हात लावूं नये, असा आम्ही मुलांस नियमच घातला होता.

आतां छापांविषयीं. भारतांत सोन्याच्या दागिन्यांवर शुद्धतेची अधिकृत मुद्रा उठविण्याची व्यवस्था भारतीय मानक ब्यूरोनें २००० सालीं सुरू केली. जुलै २०२१ पासून या मुद्रेंत तीन गोष्टी असतात: ब्यूरोचें त्रिकोणी चिन्ह, २२ कॅरट सोन्यासाठीं ९१६ सारखा शुद्धतेचा आंकडा, आणि प्रत्येक दागिन्यास वेगळी अशी सहा अंक-अक्षरांची खूण. ही खूण ब्यूरोच्या भ्रमणध्वनीवरील सेवेंत घालून कोणासहि पडताळून पाहतां येते. परंतु आजीच्या डब्यांतील वस्तु याच्या फार आधींच्या. तेव्हां मुद्रा नाहीं म्हणून सोनें नाहीं, हा तर्क येथें चालत नाहीं. ‘केडीएम’ हीं अक्षरें पुष्कळांना भरंवशाचीं वाटतात. तीं मूळ कॅडमियम घातलेल्या डाकाचीं. शुद्धतेची सरकारी हमी त्यांत नाहीं, आणि त्या डाकाच्या धुरानें कारागिरांच्या फुफ्फुसांस अपाय होतो.

परदेशी वस्तूंवर ३७५, ५८५, ७५० किंवा ९२५ असे बारीक आंकडे आढळतात. ते दर हजारीं प्रमाण दाखवितात. ७५० म्हणजे हजारांत साडेसातशें भाग सोनें, अर्थात् १८ कॅरट. ९२५ हा चांदीचा आंकडा. इंग्रजी चांदीवर चालणारा सिंह असतो. सोबत जहाजाचा नांगर असेल तर वस्तु बर्मिंगहॅमची, बिबट्याचें मुख असेल तर लंडनची. ‘ईपीएनएस’ अशीं अक्षरें मात्र दिसलीं तर विजेनें चढविलेला चांदीचा पातळ थर समजावा. आणि ज्यास आपण जर्मन सिल्व्हर म्हणतों त्यांत तांबें, निकेल आणि जस्त असतें; सिल्व्हर फक्त नांवांत. छाप खोटेहि मारतां येतात हें वाचकांस सांगावयास नकोच.

एवढी चाळणी झाल्यावर जें उरतें त्यास पाण्यांत घालावें. सिराक्यूजच्या हिएरो राजाच्या मुकुटाची आणि आर्किमिडीजची गोष्ट सर्व विद्यार्थ्यांस पाठ आहे. ती आपणांस विट्रुव्हियस या रोमन ग्रंथकारानें सांगितली, आणि तोहि आर्किमिडीजनंतर दीड-दोनशें वर्षांनीं झाला, तेव्हां तिच्यांतील नहाणीघराचा भाग कितपत खरा कोण जाणे. तत्त्व मात्र निर्विवाद आहे. आमच्या मंडळानें तें असें वापरलें: ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा छोटा विजेरी कांटा घेतला. प्रथम दागिना कोरडा तोलला. मग कांट्यावर पाण्याचा पेला ठेवून आंकडा शून्यावर आणला, आणि दागिना बारीक दोऱ्यानें पाण्यांत असा सोडला कीं तो पूर्ण बुडावा, पण तळास वा कडेस टेंकूं नये. आतां कांटा जें वजन दाखवील तें दागिन्यानें बाजूस सारलेल्या पाण्याचें. कोरड्या वजनास या वजनानें भागलें कीं आली धातूची घनता. दागिन्यास चिकटलेले हवेचे बुडबुडे आधीं झटकून टाकावे. हा बारकावा सोडला तर सगळी मेहनत फुकट.

शुद्ध सोन्याची घनता १९.३, बावीस कॅरटची सुमारें १७.७, अठरा कॅरटची साडेपंधरा, चांदीची १०.५, शिशाची ११.३, तांब्याची ८.९६ आणि पितळेची साडेआठच्या आसपास. आमच्या थैलींतील एक काळीकुट्ट वाकडी वाळी १२.४० ग्रॅम भरली, आणि पाण्यांत कांट्यानें १.२० दाखविले. भागाकार १०.३३. पितळ असती तर तिनें जवळजवळ दीड ग्रॅम पाणी सारलें असतें. ज्या मुलानें ती थैलींतून काढतांना ‘लोखंडी आहे’ म्हणून बाजूस फेंकली होती त्यानेंच तो भागाकार फळ्यावर केला, आणि दोनदां पडताळून पाहिला.

वस्तु लहान असली कीं या परीक्षेची मर्यादा कळते. एक अंगठी ३.१५ ग्रॅमची होती, तिनें ०.२० ग्रॅम पाणी सारलें, म्हणजे घनता १५.७५. परंतु कांट्याच्या वाचनांत दोन शतांशांची चूक सहज होते. ०.२२ धरले तर उत्तर १४.३ येतें, ०.१८ धरले तर साडेसतरा. म्हणजे अंगठी चौदा कॅरटच्या थोडी वर कीं बावीसची, हें पाणी सांगूं शकत नाहीं. ती पितळेची नाहीं, हें मात्र तें ठामपणें सांगतें. कारण तितक्या वजनाच्या पितळेनें ०.३७ ग्रॅम पाणी सारलें असतें. आपल्या मापाची चूक किती आणि तिच्या पलीकडे काय निश्चित राहतें, हें ओळखणें आम्हांस या साऱ्या उपक्रमांतील सर्वांत मोलाचें शिक्षण वाटलें.

पोकळ वस्तूंस ही परीक्षा लावूंच नये. बोरमाळेचे मणी म्हणजे लाखेवर चढविलेला सोन्याचा पातळ पत्रा. पाण्यांत तोलले तर पितळेहूनहि हलके ठरतील, आणि अस्सल बोरमाळ भंगारांत जाईल. कोंदणाच्या आणि खड्यांच्या दागिन्यांसहि हेंच लागू.

थैलींत तीन रुपये निघाले, कोण्या जुन्या माळेंतले, कड्या तुटलेल्या. एक १९०७ सालचा सातव्या एडवर्डचा, दुसरा १९४४ सालचा, तिसरा १९४७ सालचा. जुना रुपया नेमका एक तोळ्याचा, म्हणजे १८० ग्रेन किंवा ११.६६ ग्रॅम, आणि एक तोळा म्हणजे आपल्या सोनारांच्या ९६ गुंजा. तिन्ही जवळजवळ सारख्याच वजनाचे आणि आकाराचे, पण आंत तीन निरनिराळ्या धातु. पहिल्यांत बारांतील अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारें १०.७ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत चांदी दुर्मिळ झाली, तेव्हां १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयांत ती निम्मी केली; उरलेल्यांत तांबें, निकेल आणि जस्त आलें. १९४७ च्या रुपयांत चांदीचा कणहि नाहीं. तो शुद्ध निकेलचा, आणि चुंबकास टचकन् चिकटतो. पाण्यानें हे तिघे कसे ओळखावे? पूर्ण वजनाचा पहिला रुपया १.१३ ग्रॅम पाणी सारतो, दुसरा १.२२ आणि तिसरा १.३१. एका युद्धाचा जमाखर्च असा पेलाभर पाण्यांत वाचतां येतो, हें पाहून आमच्या इतिहासाच्या शिक्षकांनीं तो प्रयोग आपल्या वर्गांत मागून नेला.

आतां कसोटीचा दगड. तो काळा, बारीक कणांचा आणि आम्लानें न विरघळणारा असतो. दागिना त्यावर घांसून रेघ काढावयाची, शेजारीं माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ काढावयाची, आणि दोहोंवर तेजाबाचा, म्हणजे नत्राम्लयुक्त द्रावाचा थेंब सोडावयाचा. पितळेची रेघ हिरवट फेंस येऊन क्षणांत नाहींशी होते; हिणकस सोन्याची फिकी पडते; चांगल्याची टिकते. मुलाम्याच्या वस्तूचा पहिला घांस नेहमीं खराच वाटतो, कारण दगडावर येतें तें वरचें पाणी. म्हणून जाणता सोनार एकाच जागीं चारपांच वेळां घांसतो आणि शेवटच्या रेघेवरून बोलतो. ही परीक्षा मुलांनीं घरीं करूं नये, असें आम्ही निक्षून सांगतों. नत्राम्लाचा एक थेंब कातडी जाळतो आणि त्याची वाफ घशास घातक असते. सोनारानेंच कान टोचावे, ही म्हण येथें अक्षरशः लागू आहे. आमच्या थैलींतील अंगठी पेठेंतील एका वृद्ध सोनारानें आमच्यासमोर घांसली आणि म्हणाला, “अठराचं आहे. परदेशी घडण.” पुढें क्ष-किरणांच्या यंत्रानें ७५ टक्के सांगितलें. त्या यंत्रास वस्तु न खरवडतां क्षणांत उत्तर देतां येतें. परंतु त्याची नजर पृष्ठभागापाशींच थांबते, आणि जाड मुलाम्यापुढें तेंहि फसतें. वाद उरलाच तर अखेरचा निवाडा अग्नीचा: तुकडा शिशाबरोबर मुशींत तापवून हीण काढून टाकणें, आणि उरलेलें सोनें तोलणें.

मोत्यांविषयीं मुंबईच्या जुन्या लोकांस विशेष आस्था असते, आणि तें साहजिक आहे. इराणच्या आखातांतील मोत्यांचा, ज्यांस आपण बसरा मोत्यें म्हणतों त्यांचा, मोठा व्यापार एके काळीं मुंबईस चाले. जपानमध्यें मिकिमोतोनें १८९३ सालीं शिंपल्यांत मुद्दाम मोतीं वाढवून दाखविलें आणि पुढील चाळीस वर्षांत तो व्यापार बसला. नथींतील मोतीं खरें कीं बनावट हें पाहण्यासाठीं दोन मोत्यें एकमेकांवर हलकेच घासावीं. खरीं असल्यास बारीक रेतीसारखा खरखरीतपणा बोटांस जाणवतो. कांचेचीं गुळगुळीत सरकतात. भिंगांतून छिद्राची कड पाहावी. बनावट मोत्याचा लेप तेथें अंड्याच्या टरफलासारखा उडालेला दिसतो. मात्र निसर्गाचें मोतीं आणि वाढविलेलें मोतीं यांतील भेद घासून कळत नाहीं. त्यास क्ष-किरणच हवेत. खड्यांच्या बाबतींत एवढेंच सांगतों कीं भिंगांत वाटोळे बुडबुडे दिसले किंवा पैलूंच्या कडा झिजून बोथट झालेल्या दिसल्या, तर बहुधा ती कांच. पुढचें काम रत्नपारख्याचें.

आमच्या थैलीचें वजन एक किलो आठशें ग्रॅम होतें आणि ती सहाशें रुपयांस मिळाली होती. वर सांगितलेली वाळी, चांदीचे दोन रुपये, एक जोडवें आणि ती अंगठी सोडल्यास बाकी सर्व गिलिट. परंतु एका अंगठीचीच किंमत थैलीच्या कित्येक पटींनीं भरली, आणि वर्गांत वाद उपस्थित झाला. कांहीं मुलांचें म्हणणें, विक्रेत्यास कळवावें. त्याच्या अज्ञानाचा फायदा घेणें बरें नव्हे. दुसरा पक्ष म्हणाला, सगळी थैली पितळेची निघाली असती तर त्यानें आपले सहाशें परत केले असते काय? दोन्हीं बाजूंस वजन होतें. मतें घेतलीं, बारा विरुद्ध सात अशीं तीं कळविण्याच्या बाजूनें पडलीं, आणि पुढच्या बुधवारीं आम्ही अंगठीसह बाजारांत गेलों.

विक्रेता साठीचा गृहस्थ. मुलांनीं “काका, तुमच्या मालांत हें निघालें,” म्हणून अंगठी पुढें केली तेव्हां त्यानें ती उजेडांत धरून पाहिली आणि हंसला. “विकला तो माल तुमचा, सर. रोज एवढ्या थैल्या उचलतो, कुठं बघत बसू?” अर्धी किंमत देऊं केली ती त्यानें घेतली नाहीं; थैलीचे आणखी सहाशें मात्र मागून घेतले. मग म्हणाला, “त्या रुपयाचं आणि लोहचुंबकाचं काय म्हणत होतात, ते माझ्या नातवाला सांगा.” नातू आठवींत. आमच्या मुलांनीं तेथेंच, चहाच्या पेल्यांत पाणी घेऊन, त्यास प्रयोग दाखविला. विजेरी कांटा त्याला इतका आवडला कीं आजोबांकडून त्यानें त्याच बाजारांतून एक घेवविला.

जातां जातां त्या गृहस्थांनीं आम्हांस एक गोष्ट बजावली, ती पालकांनींहि ध्यानांत ठेवावी. नवा कोरा सोन्याचा दागिना कोणी मातीमोल भावानें देऊं लागला तर तेथून निघून जावें. चोरीचा माल जाणूनबुजून घेणें हाहि गुन्हाच.

राहतां राहिली सफाई. डबा सांपडला कीं बायका चिंच किंवा लिंबू आणि रांगोळी घेऊन बसतात. असें करूं नये. मोतीं आणि पोवळें हीं दोन्हीं चुनखडीच्या जातीचीं. आंबट रसानें त्यांचें तेज कायमचें जातें. मुलामा रांगोळीनें खरवडला जातो, आणि जुनें नाणें घांसून चकचकीत केलें कीं संग्राहक त्याची किंमत कमी करतात. निव्वळ चांदीची, खडे अथवा लाख नसलेली वस्तु असेल तर पातेल्यांत ॲल्युमिनियमचा पातळ कागद अंथरावा, त्यावर ती ठेवावी, खाण्याचा सोडा टाकून कढत पाणी ओतावें. काळेपणांतील गंधक ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागच्या जागीं परत येते. घांसून मात्र ती प्रत्येक वेळीं थोडी थोडी झिजते. लाखेचा दागिना या पाण्यांत चुकूनहि घालूं नये, लाख वितळून मणी रिकामा होईल. धुतलेली चांदी मऊ सुती फडक्यानें टिपावी, पूर्ण सुकूं द्यावी, आणि कोरड्या कापडांत गुंडाळून मोत्यांपासून वेगळी ठेवावी.